ते संशोधन नव्हतं, पत्र होतं

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपण एका वेदनाशामक गोळीबद्दल चौकट छापली होती. ‘प्रतिष्ठित वैद्यकीय जर्नलमधील संशोधनाने सिद्ध’ असं तिचं शीर्षक. कुतूहल वाटलं म्हणून मूळ मजकूर शोधून वाचला. एका डॉक्टरांनी जर्नलच्या संपादकांना पाठवलेलं ते जेमतेम दोन परिच्छेदांचं पत्र निघालं. त्यात तीन रुग्णांचा अनुभव होता आणि शेवटी, आणखी कुणाला असं आढळलं आहे का, अशी विचारणा. आपल्या चौकटीत फक्त प्रश्नचिन्ह गळलं होतं.

मी तीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि अशी डझनभर पत्रं जर्नलांना लिहिली. चार छापून आली. तेव्हा या प्रकाराबद्दल थोडं आतून सांगू शकतो.

जर्नलमधला शोधनिबंध छापण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे तपासायला जातो. वाचकांची पत्रं सहसा जात नाहीत. संपादक वाचतात आणि ठरवतात. पत्र एखाद्या निबंधावर आक्षेप घेणारं असेल, तर मूळ लेखकांना उत्तराची संधी मिळते आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापतात. जागा मात्र फार थोडी. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांच्या लेखावरचं पत्र १७५ शब्दांत बसवावं लागतं, तेही लेख आल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. (माझं हे पत्र तिथे दुसऱ्या परिच्छेदानंतर लवकरच कापलं गेलं असतं.) पदार्थविज्ञानात ‘लेटर’ म्हणजे वेगळीच गोष्ट, नव्या शोधाचा छोटेखानी निबंध. रामन आणि कृष्णन यांनी प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा शोध ‘नेचर’मध्ये ३१ मार्च १९२८च्या अंकात संपादकांना लिहिलेल्या पत्राच्या रूपानेच जाहीर केला होता. एकच शब्द दोन अर्थांनी चालतो, त्यामुळे वार्ताहराची गफलत होऊ शकते, हे मान्य. पण त्या गफलतीची किंमत किती होऊ शकते, हे १९८०च्या एका पत्रावरून दिसतं.

त्या वर्षी १० जानेवारीला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र आलं. रुग्णालयात असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या होत्या. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी नीट नोंद झालेली व्यसनाची उदाहरणं त्यांना फक्त चार सापडली. माहिती एवढीच. रुग्ण खाटेवर, औषध नर्सच्या हातात. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पुढे लोकांनी त्याचं काय केलं, हे २०१७मध्ये त्याच जर्नलमध्ये आलेल्या दुसऱ्या एका पत्राने मोजून दाखवलं. त्या पाच वाक्यांचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांतल्या ७२ टक्के ठिकाणी तो ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून होता, आणि ८० टक्क्यांहून अधिक लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते, हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने आणि अतिसेवनाच्या मृत्यूंनी पुढे काय हाहाकार केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मूळ पत्र खोटं नव्हतं. ते न उघडताच पुढच्या अनेकांनी एकमेकांच्या संदर्भयाद्या उतरवून घेतल्या असाव्यात.

याउलट १६ डिसेंबर १९६१च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमधलं ऑस्ट्रेलियातले प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र पाहा. गरोदरपणी थॅलिडोमाइड हे झोपेचं आणि मळमळीवरचं औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये गंभीर व्यंगं दिसतात, असं मोजक्या ओळींत सांगून त्यांनी वाचकांना विचारलं, तुम्हालाही असं दिसलं का? जर्मनीत डॉ. लेन्झ यांनी स्वतंत्रपणे तोच धोका दाखवला होता आणि तिथे औषध नोव्हेंबरअखेर मागे घेतलंही गेलं होतं. पत्राने काय करावं, याचा हा वस्तुपाठ. (हेच मॅकब्राइड पुढे दुसऱ्या एका औषधाच्या प्रयोगातले आकडे फिरवल्याबद्दल दोषी ठरले. म्हणून १९६१चा प्रश्न चुकीचा ठरत नाही.)

आता माझं रडगाणं. एका विद्यार्थिनीने मला एक निबंध दाखवला. वीस जणांनी १ ते ७ यांपैकी पूर्णांकात गुण दिले होते आणि सरासरी छापली होती ३.४७. कागद घ्या. बेरीज ६९ असेल तर सरासरी ३.४५, ७० असेल तर ३.५०. वीस माणसांत ३.४७ येऊच शकत नाही. तक्त्यात असे आणखी तीन आकडे होते. आम्ही आधी लेखकांना ईमेल केली, उत्तर नाही. मग १५० शब्दांचं पत्र जर्नलला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी नम्र नकार आला: लेख प्रसिद्ध झाल्यापासून चार आठवड्यांत आलेल्या पत्रांचाच विचार होतो. आमचं सहाव्या महिन्यात गेलं होतं. बेरीज चुकली असेल तर ती सहा महिन्यांनी बरोबर होते की काय?

मुदत असण्यामागचं कारणही मला कळतं. पत्रांच्या ढिगात भरताड फार असतं. ‘लेख उद्बोधक होता, मात्र नमुना लहान आहे, अधिक संशोधनाची गरज आहे’ हे कुठल्याही निबंधाला चिकटवता येतं, आणि लिहिणाऱ्याच्या यादीत एक प्रकाशन वाढतं. आता तर असं पत्र यंत्र अर्ध्या मिनिटात लिहून देतं. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, तुमचं पत्र दुसऱ्या निबंधाखाली जसंच्या तसं डकवता येत असेल तर पाठवू नका. एकच मुद्दा घ्या, तक्त्याचा क्रमांक द्या, लेखकाच्या हेतूबद्दल चकार शब्द नको. पण भरताड गाळायचं काम संपादकांचं. ते कॅलेंडरवर सोपवून चालणार नाही.

आपल्याकडे मागणं छोटं आहे. यापुढे अशी चौकट करताना मूळ मजकूर निबंध आहे की पत्र, हे एका शब्दात छापा. आणि निबंध असेल तर त्यावर नंतर पत्रं आली आहेत का, हे वार्ताहराला बघायला सांगा. आमच्या त्या निबंधाखाली काहीच सापडणार नाही. ३.४७ तिथे अजून आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक