मराठी पत्ता चालतो, पण दिसत नाही

संपादक साहेब, गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे, वेबसाईटचा पत्ता हौसेने मराठीत घेतला, डॉट भारत, २०१४ पासून मिळतं ते. पण पाहुण्यांना लिंक पाठवली की काही ॲपमध्ये एक्सएन, दोन डॅश आणि पुढे इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो, लोकांना वाटतं फ्रॉड आहे, कोणी उघडतच नाही. फ्रॉड नाहीये हो, डीएनएसचं, म्हणजे नावावरून वेबसाईट शोधून देणाऱ्या इंटरनेटच्या यंत्रणेचं, काम इंग्रजी अक्षरांवरच चालतं म्हणून २००३ मध्ये ठरलेल्या प्युनीकोड पद्धतीने आपलं नाव तसं बदलून पाठवतात. ते आत चालू दे, पण स्क्रीनवर मराठीच दिसायला हवं ना! आणि एका फॉर्ममध्ये हाच पत्ता टाकला तर "चुकीचा पत्ता" असं लाल अक्षरात आलं, ते फार लागलं मनाला. ॲप बनवणाऱ्यांनी एकदा मराठी पत्ता टाकून बघावा.

– एक वाचक, गुहागर