पंख्याहून कमी वॅटचा रेडिओ अन् हातभर फाईल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

१३ फेब्रुवारीला रेडिओ दिनाची छोटी बातमी वाचली, की आता गावकरीही स्वतःचं सामुदायिक रेडिओ स्टेशन, म्हणजे गावापुरतं छोटं एफएम, काढू शकतात. काढू शकतात हो, नाही कोण म्हणते. आम्ही तीन वर्षं तेच करून राह्यलो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडं. हे डोक्यात आलं २०१७ च्या खरीपानंतर. त्या साली पऱ्हाटीवर फवारणी करता करता जिल्ह्यातले कितीक शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, ते कोणीच विसरलं नाही. तेव्हा वाटलं, सकाळी सहाला माणूस वावरात निघायच्या आधी आपल्याच बोलीत कोणी सांगितलं असतं, की आज वारा आहे, पंप काढू नका, काढलाच तर वारा जिकडून येते तिकडं पाठ ठेवा, तर एखादं तरी घर वाचलं असतं. असं आम्हाला अजूनही वाटते.

मशीनचं म्हणाल तर ५० वॅटचा ट्रान्समीटर पुरते, छताचा साधा पंखाही याहून जास्त वॅटचा असते. अँटेना धरून ताकद १०० वॅटच्या आत, मनोरा ३० मीटरच्या आत, अन् तेवढ्यात सपाट भागात दहाएक किलोमीटर आवाज जाते. टेकडी आडवी आली की संपलं. पण आम्हाला मुंबई थोडीच गाठायची आहे, शेजारची गावं अन् शनिवारची गुजरी झाली की बास.

२००६ साली संस्थांना अन् कृषी विज्ञान केंद्रांना ही परवानगी खुली झाली, आधी फक्त शिक्षणसंस्थांना होती. म्हसवडला माणदेशी तरंग नावाचं असं स्टेशन चालते, तेलंगणात माचनूरला दलित बायांचा संघम रेडिओ २००८ पासून. मग आमच्या बचत गटाच्या बायांनीही मनावर घेतलं. पण गटाला अर्ज करता येत नाही, नोंदणीकृत संस्था पाहिजे, तीही तीन वर्षं जुनी. एक जुनी संस्था राजी झाली तर तिच्या नोंदणीत गावाचं नाव एक अन् पॅन कार्डावर एका अक्षरानं वेगळं. चूक आमच्याकडचीच, पण त्यात सहा महिने गेले. मग मनोऱ्याची जागा. आधी शाळेचं छत धरलं, अक्षांश-रेखांश काढून फॉर्मात भरले, पावसाळ्यात छत गळायला लागलं म्हणून पाण्याच्या टाकीजवळ सरकलो, दोनशे पावलं असंल, तर नकाशे अन् आकडे सगळे पुन्हा. परवाना वेगळा, फ्रिक्वेन्सी वेगळी, मनोऱ्याचं क्लिअरन्स वेगळं. विमानाला अडथळा नको म्हणून मनोरा तपासतात हे समजते मला, पण आमच्याकडं विमान दिसलं तर पोरं अजून अंगणात पळत येतात. फॉर्म समजून घ्यायला बारावीच्या इंग्रजीच्या सरांना धरलं, तेही दोनदा डोकं खाजवून गेले.

बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, पाणी, लाईट, परीक्षा, आरोग्याच्या सूचना चालतात, म्हणजे आमचं काम भागते. जाहिराती २०२४ पासून ताशी १२ मिनिटं करून दिल्या. पण देणार कोण? एक कृषी केंद्रवाला अन् एक चहावाला, तोही उधारीत.

अन् हे सगळं जमलं तरी ऐकणार कशावर? घरचे ट्रान्झिस्टर भंगारात गेले. मोबाईलमध्ये एफएम असलं तरी हेडफोनची वायर लावावी लागते, तीच अँटेना असते, अन् नव्या कितीक फोनात वायरीचं भोकच नाही. २०२३ ला सरकारनं मोबाईल कंपन्यांना एफएम बंद करू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या पोरींनी घरोघरी जाऊन मोजलं, चाळीस घरांत अकरा फोनात एफएम निघालं. वरून लाईन कधी जाईल याचा नेम नाही, इन्व्हर्टरचे पैसे कोणी धरतच नाही.

माझं मागणं लहान आहे. एवढ्याशा ताकदीच्या स्टेशनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस बसवा, जो कागद एकदाच पाहून मराठीत सांगंल की हे बरोबर, हे चूक, म्हणजे वर पाठवलेली फाईल परत येणार नाही. बाकी आम्ही करून घेऊ. पोरी मोबाईलवर कार्यक्रम रेकॉर्ड करून राह्यल्या, सध्या मारुतीच्या पारावरच्या भोंग्यावरून वाजवतो, मागच्या शनिवारी बोंडअळीचा होता, अर्ध्यात लाईन गेली.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ