बंड्यास पत्र

प्रिय बंड्या,

जानेवारीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. मी बरा आहे, आईची साखर आटोक्यात आहे.

काल रात्री अर्नी हार्पर या इंग्लिश धावपटूबद्दल वाचलं आणि झोप उडाली. शेफील्डच्या हॅलमशायर हॅरिअर्स क्लबचा हा गडी. 1924 च्या ऑलिंपिकला पॅरिसच्या उन्हात क्रॉसकंट्री शर्यतीला 38 जण सुटले, 15 पोचले, त्यात हा चौथा. 1928 च्या ॲमस्टरडॅम मॅरेथॉनला मात्र बाविसावा.

मग 1936, बर्लिनची मॅरेथॉन. वय 34. पुढे गेल्या ऑलिंपिकचा विजेता झाबाला सुसाट सुटलेला. हार्परच्या शेजारी सोन की-चुंग, जपानच्या गंजीत पळणारा कोरियन. त्याला झाबालाला गाठायची घाई. हार्परने त्याला खुणावलं, जाऊ दे त्याला, दमेल तो. सोनने ऐकलं. झाबाला पुढे खरंच गळाला, त्याने शर्यतच सोडली. आणि ज्याला आवरलं तोच हार्परला मागे टाकून गेला! 2 तास 29 मिनिटं 19 सेकंद. हार्पर दोन मिनिटं मागे, पायाचा फोड फुटून बुटात रक्त. तिसरा आलेला नाम सुंग-योंग त्याच्या मागे फक्त 19 सेकंदांवर.

सोन पुढे निघाला तेव्हा त्या माणसाला काय वाटलं असेल रे? रात्रभर हेच.

जानेवारीच्या मॅरेथॉनला हाजी अलीपाशी तू माझं कोपर धरलंस. "पिवळ्या बनियनच्या मागे लागू नकोस." मी खेकसलो तुझ्यावर. पेडर रोडच्या चढावर तो पिवळा चालायला लागला होता. मी त्याच्या बाजूने निघून गेलो, मागे वळून पाहिलं नाही. तू आलास तेव्हा मी मेडल घालून फोटो काढत होतो. तुझ्या डाव्या मोज्याचा अंगठा लाल झाला होता. मला दिसला होता, बंड्या. तरी मी तुला टायमिंग विचारलं. मग तू बोललास ते बोललास, आणि मी फुगून बसलो.

हार्परने काय सांगितलं ते सोनने पुढे स्वतः जगाला सांगितलं. मला ऑफिसात विचारलं तेव्हा मी म्हणालो, शेवटासाठी दम राखला होता. तुझं नाव काढलं नाही. उद्या काढणार आहे, सगळ्यांसमोर.

साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनला माझं एनर्जी जेल तू खाल्लंस, ते भांडण वेगळं. त्यात माघार नाही.

बदलीचं काय झालं? छकुलीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

आणि ते नख आलं का रे?

तुझा,
पक्या