फिनिक्सहून पत्र

फिनिक्स, अ‍ॅरिझोना

प्रिय सुहास,

'वाळवंटात एवढं शहर वसवलंय, मग पाण्याचं काय?' असं तू विचारलंस. इथे येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो.

वस्ती सोळा लाख, अमेरिकेत पाचवा नंबर. १९५० साली इथे जेमतेम लाखभर माणसं होती. मग घरोघरी एसी आले आणि शहर चारी दिशांना सुटलं.

पाणी सॉल्ट नदीचं, १९११ सालच्या रूझवेल्ट धरणात अडवलेलं. शहरातलं तिचं पात्र एरवी कोरडं ठणठणीत असतं. सॉल्टचं पाणी पुरेना, म्हणून कोलोरॅडो नदीचं पाणी पंपांनी वर चढवून ३३६ मैलांच्या कालव्यातून इथे आणि पुढे टुसॉन शहराकडे नेलंय. इथले मूळ रहिवासी असलेल्या होहोकाम लोकांनी मात्र शेकडो वर्षांपूर्वी याच खोऱ्यात हातांनी कालवे खणले होते!

खरं सांगू, मला पाण्याची तेवढी धास्ती वाटत नाही. शेतं मोडून घरं झाली, आणि शेतापेक्षा घरांना पाणी कमीच लागतं. शिवाय २०२३ मध्ये नुसत्या भूजलाच्या भरवशावर इथल्या परिसरात नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवलं होतं.

धास्ती आहे ती उन्हाची. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्रभर धग सोडत राहतं, त्यामुळे पहाटेसुद्धा जीव गार होत नाही. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्म्याने ६४५ माणसं गेली. त्यांत बेघर बरेच, आणि घरात एसी बंद पडलेले म्हातारेही. गार पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी येतं, आणि गाडीत बसताना सीटबेल्टच्या बकलला हात लागला तर चटका बसतो. एवढं असून नवी घरं बांधणं काही थांबत नाही. उत्तरेला तैवानच्या टीएसएमसी कंपनीचा चिपचा भलामोठा कारखाना उभा राहिलाय, त्याच्या आसपास तर विचारूच नकोस.

जुलैत मॉन्सून येतो. आधी धुळीची भिंत चालून येते, समोरची गाडीही दिसत नाही. नंतर सर आलीच तर क्रिओसोटच्या झुडपांचा उग्र वास सुटतो. मला तो फार आवडतो, बायकोला अजिबात नाही.

तू फेब्रुवारी-मार्चमध्ये ये. कॅमलबॅक डोंगर चढू, मोठमोठे साग्वारो निवडुंग बघू. उन्हाळ्यात कडक उन्हाचा इशारा असला की ती डोंगराची वाट दिवसा बंदच असते. रजेचं काय ते लवकर कळव, फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकिटं महागतात.

तुझा,
अनिकेत