लघवीची दुसरी गोळी किती दिवस?

मा. संपादक,

हृदय कमकुवत झाले की पायांवर सूज चढते, रात्री आडवे पडताच धाप लागते. त्यासाठी फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. पुढे ती ‘लागू पडेनाशी’ झाली की जोडीला मेटोलॅझोन ही लघवीची दुसरी गोळी येते. ही दुसरी गोळी थोड्या दिवसांपुरती असते; पण बडोद्यात ती जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने आणली जाते.

पहिली गोळी मूत्रपिंडात एका टप्प्यावर मीठ परत शोषू देत नाही. काही काळाने पुढच्या टप्प्यावरच्या पेशी जाड होतात आणि तेच मीठ ओढून घेऊ लागतात. मेटोलॅझोन तो पुढचा रस्ता बंद करते. मग लघवी धो धो होते, सोडियमबरोबर पोटॅशियमही वाहून जाते. रक्तातले पोटॅशियम ३.५ च्या खाली उतरत गेले की पायांत गोळे येऊ शकतात, ठोके चुकू शकतात. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर धोका आणखी मोठा. सोडियम फार उतरले की आजोबा बरळतात आणि घरचे म्हणतात, वय झाले.

सुरुवातीला बहुधा २.५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून दोन-तीनदाच पुरते. ती पहिल्या गोळीआधी अर्धा तास घ्यायची प्रथा आहे. त्या अर्ध्या तासाचा बाऊ नको, तिचा असर दिवसभर टिकतो. खरे लक्ष वजनकाट्यावर हवे. सकाळी लघवी करून, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहावे. रोज अर्धा ते एक किलो उतरणे ठीक. दीड-दोन किलो उतरू लागले, चक्कर आली किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तिसऱ्या-चौथ्या दिवशी तपासावे. सूज उतरत असताना क्रिएटिनिन किंचित वाढले म्हणून लगेच घाबरू नये.

त्याहीआधी पाहायचे ते वेगळेच. पहिल्या गोळीचा डोस पुरेसा वाढवला होता का? गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक चालू आहे का? ते मीठ-पाणी धरून ठेवते. आतड्यांनाच सूज असेल तर तोंडाने घेतलेली फ्युरोसेमाइड नीट शोषली जात नाही, तिथे इंजेक्शन लागते. आणि सेव-उसळ, पापड, लोणचे चालूच असेल तर कितीही गोळ्या वाढवा.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मेटोलॅझोनपुढे बंद करण्याची तारीख लिहावी आणि ती उलटून गेली असेल तर केमिस्टने पाकीट देऊ नये.

एक फिजिशियन,
दांडिया बाजार, बडोदे