हॅड्रिया परत का आली?

पुणे,
रविवार दुपार

प्रिय सुधा,

तुझं पत्र मिळालं. इंग्रज लेखिका मोना केर्डच्या 'द डॉटर्स ऑफ डॅनेअस' या कादंबरीचं शेवटचं पान संपल्यावर पुस्तक पलंगावर आपटलंस हे वाचून हसूच आलं, कारण मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. "एवढं रामायण करून नायिका हॅड्रिया शेवटी घरीच नांदणार होती, तर लिहिलंच कशाला?" असं तू विचारलं आहेस. आठवडाभर हा प्रश्न डोक्यात घोळतोय. तेव्हा आज जरा लांबण लावते, चहा घेऊन बस.

मला वाटतं, केर्डने या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच प्रकरणात देऊन ठेवलं आहे. ती माळ्यावरची सभा आठवते ना? स्कॉटलंडमधलं जुनं घर, रात्रीची वेळ, सगळी भावंडं जमलेली आणि वाद चाललाय अमेरिकन विचारवंत इमर्सनवर. माणूस जसा असतो तशीच परिस्थिती तो ओढवून घेतो, असा इमर्सनचा सूर. हॅड्रियाला ते मुळीच पटत नाही. परिस्थिती माणसाला चिरडू शकते, आणि मुलीला तर नक्कीच, असं ती म्हणते. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या पोरसवदा भाषणाचा पुरावा आहे. तू नायिका जिंकायची वाट बघत होतीस. ती वाद जिंकते गं, फक्त त्यासाठी तिला आयुष्य हरावं लागतं.

'द डॉटर्स ऑफ डॅनेअस' आलं 1894 साली. त्याआधी 1889 मध्ये केर्डनेच 'द विंग ऑफ अझ्राएल' लिहिलं होतं. ते तू वाचलेलं नाहीस, म्हणून सांगून टाकते. त्यात व्हायोलाचा नवरा चांगला क्रूर आहे. घरच्यांनी पैशापायी तिला त्याच्या गळ्यात बांधलेली. शेवटी ती कागद कापायच्या सुरीने त्याला भोसकते आणि अंधारात निघून जाते. वाचताना तुला बरं वाटेल! पण वाचणारा पुस्तक मिटून म्हणू शकतो की नवराच नालायक होता, त्यात लग्नाचा काय दोष?

पाच वर्षांनी बाईने ती पळवाटच बुजवली. हॅड्रियाचा नवरा ह्यूबर्ट टेम्परली मारत नाही, पीत नाही. चारचौघांत शोभेल असा, थोडा कंटाळवाणा, स्वतःचं खरंच असणार याची खात्री असलेला माणूस. हॅड्रिया घर सोडून पॅरिसला जाते, संगीत शिकते, गुरू तिच्यावर खूश असतो. तिला परत आणायला कोणी पोलीस घेऊन येत नाही. नणंद येते, गोड बोलते. मग माहेरचा पैसा बुडतो, आई आजारी पडते. डॉक्टर सांगतात, हिला आता कसलाही धक्का बसता कामा नये. संपलं. जिचं स्वतःचं आयुष्य असंच मुरगळलं गेलं, ती आईच लेकीच्या पायातली बेडी होते. आता सुरी कोणाला मारायची, सांग बघू? शीर्षकातल्या त्या ग्रीक मुलींना मेल्यावर पाताळात शिक्षा होती गळक्या भांड्यात कायम पाणी भरत राहण्याची. तशीच हिचीही.

(इथे पत्र थांबलं होतं. कोण आलं, काय झालं ते लिहीत नाही. तू हॅड्रिया वाचली आहेस. आता सोमवार रात्र आहे.)

केर्डचं नाव गाजलं ते मात्र कादंबरीने नाही, लेखाने. ऑगस्ट 1888 च्या 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'मध्ये तिने 'मॅरेज' नावाचा लेख लिहिला. लग्न आज ज्या रूपात आहे ते सपशेल फसलेलं आहे, असं सरळ म्हटलं. त्यातला कुत्र्याचा दाखला मला फार आवडतो. राखणीला कुत्रा साखळीने बांधायचा, फिरू द्यायचं नाही, मग तो मरगळतो. कधी सुटलाच तर धिंगाणा घालून पळून जातो, आणि आपण म्हणतो, बघा, याला मोकळीक सोसतच नाही. बायकांचा 'स्वभाव' म्हणून जे सांगतात ते असंच साखळीतून आलेलं, असा तिचा रोख. 'डेली टेलिग्राफ'ने लगेच वाचकांना विचारलं, लग्न फसलं आहे का? सुमारे 27 हजार पत्रं आली! इतक्या लोकांना घरातलं बोलायला जागाच हवी होती म्हणायची.

आणि त्याच्या एकच महिना आधी, जुलै 1888 मध्ये, आपल्या मुंबईत रखमाबाईंचा खटला मिटला होता. हे शेजारी-शेजारी ठेवून बघ. अकराव्या वर्षी लग्न झालं, सासरी कधी गेल्याच नाहीत, आणि 1884 मध्ये दादाजी भिकाजींनी नांदायला येण्याचा दावा लावला. 1885 मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी उलटा निकाल दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 'केसरी' तर त्यांच्यावर तुटून पडला होता. शेवटी दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

गंमत अशी की हा नांदवण्याचा दावा मुळात इंग्रजांच्या चर्चच्या कायद्यातला. आणि तिकडे न जुमानणाऱ्याला तुरुंगात टाकणं 1884 मध्येच बंद झालं होतं. कोणासाठी? जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईने नवऱ्याविरुद्ध असाच हुकूम मिळवला, तो काही तिच्याकडे परत जायला तयार होईना, आणि आता नवराच गजाआड जाणार म्हटल्यावर पार्लमेंटला जाग आली. पुरुषासाठी तिथे जे रद्द झालं, ते तीन वर्षांनी मुंबईत एका बाईसाठी बाहेर काढलं.

तू म्हणशील, रखमाबाई जिंकल्या ना, मग हॅड्रिया का नाही? केर्डच्याच काळातली कादंबरीकार सेरा ग्रँड, तिचंही तसंच. 1890 मध्ये ती नवऱ्याला सोडून लंडनला आली. 1882 च्या कायद्याने बायकोची कमाई बायकोचीच ठरली होती, तो आधार होता. पण 1893 च्या 'द हेवनली ट्विन्स'मध्ये तिची इव्हॅड्नी, नवऱ्याचा पूर्वेतिहास कळल्यावर त्याला जवळ येऊ न देणारी, शेवटी मनाने मोडूनच पडते. स्वतः उंबरा ओलांडलेल्या बाईने नायिकेला तो ओलांडू दिला नाही. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. रखमाबाईंना 'नाही' म्हणायला समोर कोणीतरी होतं: वादी, न्यायाधीश, वर्तमानपत्रं. हॅड्रियासमोर फक्त आजारी आई आहे.

रखमाबाई पुढे लंडनला डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले, हे तुला माहीत आहे. पण 1904 मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. ज्याच्या घरी एक दिवस नांदल्या नाहीत त्याच्यासाठी! ते वाचून मी पुस्तक आपटलं नाही, नुसती बसून राहिले. कोणत्या न्यायाधीशाने सांगितलं होतं त्यांना?

पुस्तक टपालाने पाठवू नकोस, दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये. पलंगावर आपटून पुठ्ठा सुटला असेल तर चिकटवून आण.

तुझी,
मंगल