खांदा काळानिळा पडला ह्यात मर्दुमकी कसली?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आपल्याच भागातल्या एका घराच्या नातवाची बातमी आली होती. पोरगं तेरा वर्षांचं, तिकडं अमेरिकेत कोलोरॅडोत राहतंय, वडलांसोबत जाऊन त्यानं एल्क (सांबराच्या जातीचं मोठं जनावर) मारलं, फोटो बी छापलाय. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पुढं लिहिलंय की रायफलच्या दणक्यानं खांदा काळानिळा पडला तरी पठ्ठ्यानं हूं का चूं केलं नाही, मराठवाड्याचं पाणी वगैरे वगैरे, ते वाचून मात्र राहवलं नाही. मी फौजेत होतो, नव्या पोरांना फायरिंग शिकवण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळं तसला डाग बघितला की मला शौर्य दिसत नाही, मला एवढंच दिसतं की लेकराच्या मापाची नसलेली रायफल कुणीतरी त्याच्या खांद्याला लावली.

आधी एक सांगून टाकतो नाहीतर कुणीतरी फोन करून विचारणारच. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, रोही अन् डुकरं पिकात शिरली तरी वनखात्याच्या परवानगीबिगर बंदूक उचलायची नाही. तिकडचा कायदा वेगळा. कोलोरॅडोत बारा वर्षाच्या पोराला मोठ्या जनावराचं लायसन मिळतं, पण आधी शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स पास व्हावा लागतो, सोळा होईपर्यंत सोबत मोठं माणूस लागतं, अन् अंगावर भडक नारिंगी नाहीतर गुलाबी कपडा घालावाच लागतो. म्हणजे बाकी सगळी काळजी कायद्यानं घेतली, खांद्याची तेवढी घरच्यांवर सोडलीय.

आता दणका म्हणजे काय ते बघा. गोळी अन् जळलेल्या दारूचा गॅस जेवढ्या जोरानं पुढं जातो तेवढ्याच जोरानं रायफल मागं येते, न्यूटनचा नियम, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला. हा झटका फूटपौंडात मोजतात, एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते तेवढी ताकद म्हणजे एक फूटपौंड. पुढची नावं काडतुसांची आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. साडेसात-आठ पौंडाची रायफल धरली तर पॉइंट टू टूचा झटका पाव फूटपौंड बी भरत नाही, २४३ विंचेस्टरचा नऊ-दहा, ३०८ चा सोळा-सतरा, थर्टी ऑट सिक्सचा वीसच्या आसपास, अन् ३०० विंचेस्टर मॅग्नमचा पंचवीसच्याही वर. चाळीस किलोच्या पोराला अन् नव्वद किलोच्या बापाला झटका तेवढाच बसतो, रायफलीला वय कळत नाही. अन् बहुतेक घरांत होतं काय, बापाची मॅग्नम म्हणजे जादा दारूच्या काडतुसाची रायफल असते, तीच पोराच्या हातात जाते, वरून म्हणायचं धर घट्ट, काही होत नाही.

काही होत नाही कसं, होतं की. खांद्याचा डाग आठ दिवसात जातो पण डोक्यात बसलेली भीती जात नाही. पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढं येतो, बोट झटक्यानं ओढलं जातं अन् गोळी भलतीकडंच. टार्गेटवर हे झालं तर कागद फाटतो, जनावरावर झालं तर पोटात नाहीतर पायात गोळी लागते अन् ते जखमी होऊन झाडीत निघून जातं, मग शोधत फिरा दिवसभर. म्हणून दणका कमी करणं म्हणजे लाड नव्हं, त्या जनावराचा बी हक्क आहे तो. पोरगं डोळे मिटतंय का ते ओळखायची जुनी युक्ती अशी की मॅगझिनमध्ये खऱ्या राउंडांत एखादा डमी, म्हणजे बिनदारूचं खोटं काडतूस, घालायचा, कुठं घातला ते त्याला सांगायचं नाही. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळी हलली की समजायचं, अन् त्या दिवशी मोठी रायफल खाली ठेवायची.

मग करायचं काय? पहिली गोष्ट काडतूस. ३०८ आली १९५२ ला, तिचीच केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) घेऊन तोंड आवळलं अन् त्यात ६ मिलिमीटरची गोळी बसवली ती १९५५ ची २४३. हरणासाठी लेकराच्या हातात ह्याच्यापेक्षा बरं काही नाही असं माझं मत. पण एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या खानदानातलं, मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो, तिथं २४३ कायद्यात बसते (कोलोरॅडोत एल्कला निदान पॉइंट टू फोर इंच जाडीची अन् ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम वजनाची गोळी लागते) तरी चुकीला जागा फार थोडी राहते. त्यापेक्षा सेव्हन एमएम झिरो एट किंवा सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर ही काडतुसं घ्या, झटका ३०८ पेक्षा कमी अन् गोळी वजनदार, आत खोल जाणारी. घरात ३०८ किंवा थर्टी ऑट सिक्सच असेल तर कंपन्या कमी झटक्याची तयार काडतुसं बी विकतात, फक्त ती लांबच्या पल्ल्याची नाहीत अन् रायफलीवरची दुर्बीण त्यांच्यावर नव्यानं झिरो करावी, म्हणजे निशाण्याला जुळवून घ्यावी लागते, हे लोक विसरतात.

दुसरं वजन. रिकाम्या बैलगाडीला धक्का दिला की ती सरकते, भरलेली जागची हलत नाही, तसंच हे. साडेतीन किलोची रायफल चार किलोची केली तर झटका आठवा हिस्सा कमी होतो. गंमत अशी की लेकरासाठी म्हणून लोक हलकीतली हलकी रायफल आणतात अन् तीच जास्त लाथ मारते! उचलता येईल एवढी जड असू द्या, टेकायला काठ्यांचा स्टँड असतोच.

तिसरं माप, अन् माझ्या मते सगळ्यात जास्त चूक इथंच होते. ट्रिगरपासून बटाच्या (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) टोकापर्यंतची लांबी मोठ्या माणसाची साडेतेरा इंच असते, तेरा वर्षाच्या पोराला एखादा इंच तरी कमी पाहिजे. बट लांब असला की तो खांद्याच्या खोबणीत बसतच नाही, सरकून दंडावर येतो, अन् बातमीतल्यासारखा डाग तिथूनच पडतो. वरून तिकडची थंडी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाड जॅकेट घातलं की बट आणखी लांब झाल्यासारखा होतो, म्हणून माप जॅकेट घालूनच घ्या. बटाला चांगला जाड रबरी पॅड लावा. आमच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीला मागं पितळी पट्टी होती, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब पाहिजे, लेकरू मान पुढं काढून बघतं अन् भुवई फुटते, मग टाके.

चौथं म्हणजे कान. बरीच पोरं झटक्याला नाही, आवाजाला भितात. रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो अन् १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा रेंजवर कानात प्लग अन् वरून कान झाकणारे मफ, दोन्ही. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे गॅस बाजूला सोडणारा भोकांचा तुकडा, लावला की झटका चांगलाच कमी होतो हे खरं, पण आवाज बाजूला अन् मागं फेकला जातो, शेजारी बसलेल्या बापाचे कान जातात. मला विचाराल तर लेकराच्या रायफलीला ब्रेक नको, तिथं सायलेन्सर कायदेशीर आहे, तो झटका बी कमी करतो अन् आवाज बी.

सराव म्हणाल तर आपल्या एनसीसीत पोरांच्या हातात पॉइंट टू टू देतात ते उगीच नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते बी पॉइंट टू टूवरच. श्वास, निशाणा, ट्रिगर सगळं तिच्यावर शिकून होतं, मोठ्या रायफलीचे दिवसाला पाच-सात राउंड पुरे. ते बी टेबलावर बसून नको, उभं राहून मारू द्या, उभं असलं की अंग झटक्यासोबत मागं जातं, टेबलावर जखडल्यासारखं होतं अन् सगळा मार खांदाच खातो. टेबलावरच झिरो करायचं असेल तर ते काम बापानं करावं.

त्या घरच्यांनी हे वाचलं तर एवढंच सांगणं आहे, पुढच्या सीझनच्या आधी बट कापून घ्या किंवा मागं स्पेसर (लांबी कमीजास्त करायच्या चकत्या) बसणारा स्टॉक, म्हणजे रायफलीचा लाकडी-प्लास्टिकचा दांडा, आणा. कापलाच तर तुकडा फेकू नका, पोरगं दोन वर्षात उंच होईल तेव्हा तोच परत जोडता येतो.

आपला,
एक माजी सैनिक, अहमदपूर (जि. लातूर)